गडहिंग्लजचा निकाल

सोमवारी पहाटे साडेपाचला गंगावेशीत
आधी म्हशी येतात, मग आम्ही, मग निकाल.
चरवीत धार वाजायला लागते
आणि कालचा रविवार बोलायला लागतो.

मोठ्या तालमींची भांडणं पहिल्या ग्लासात मिटतात.
ती सगळ्यांनी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून
घसा बसेपर्यंत बघितलेली असतात.
दुसऱ्या ग्लासाला निघतो
आमच्या नाइट कॉलेजचा विषय.

साडेतीन खोल्यांचं कॉलेज. मैदान नाही.
गोलकीपर शिरोलीत, फौंड्रीच्या भट्टीवर.
दोन बॅक सख्खे भाऊ, मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलतात.
सेंटर फॉरवर्ड एटीएमचा रखवालदार,
त्याला बसून राहायचा पगार मिळतो
आणि पळायचं वेड आहे.
काल त्यांची मॅच गडहिंग्लजला होती.

निवास म्हणाला, दोन-एक. आपण.
त्याच्या साडूचा फोन आलता.
यासीन म्हणाला, दोन-एक बरोबर, पण दोन त्यांचे.
रेडेकरांची सुलक्षणा म्हशीच्या कासेखालून,
मान वर न करता :
"टायब्रेकर झालाय म्हणं."

झालं.
"डावा हाफ वर चढायलाच नको हुता."
"कुठला डावा हाफ?"
"कुठला का असंना!"
फरशीवर ओल्या बोटानं 'डी' काढला गेला,
रिकामे ग्लास बॅक झाले,
एक वासरू उगाच रेफ्री झालं.
मीही बोललो. ऑफसाइडवर बोललो.
न बघितलेल्या ऑफसाइडवर माणूस
फार खात्रीनं बोलतो.

तेवढ्यात दौलूमामा आला,
पापाच्या तिकटीला बूट शिवणारा,
रात्रीच्या एसटीत आंबलेला, विजारीला काळी माती.
आमच्यातला एकटा जाऊन आलेला माणूस.
शनिवारी गोलकीपरच्या बुटाचा तळ शिवला होता,
तो धरतो का बघायला स्वतःच्या तिकिटानं गेला.

"मामा, निकाल?"
"टाका टिकला."
"अवो, मॅचचा."
"दूध तर घिऊ दे भावा."

मग म्हणाला, बॉल एकच हुता.
थोरल्या बॅकनं असा हाणला की गेला उसात.
ऊस माणसाच्या वर दोन हात.
दोन्ही टीमा आत शिरल्या,
रेफ्री बांधावर, घड्याळाकडं बघत.
आतनं नुसता पाचटाचा आवाज.
त्यांची पोरं आपल्यांची नावं घिऊन हाका मारत्यात,
आपली त्यांची.
बावीस आत गेले,
तेवीस भाईर आले.

तेविसावं, ऊसतोडीवाल्यांचं पोरगं,
सहा वर्साचं असंल. बॉल पोटाशी धरलेला.
देईना.
चॉकलेट दावलं, न्हाई. डोळं वटारलं, न्हाई.
मग आपला गोलकीपर जाऊन जाळ्याम्होरं उभा ऱ्हायला
आन् म्हणाला, मार.

"मग?"
"मारला की. शिरला आत."
"तो गोल धरला का?"
"पब्लिक वरडत हुतं, शिट्टी मला ऐकू आली न्हाई."
"पण मग दोन-एक, का..."
मामानं दुधाची मिशी पुसली.
"टाका बघत हुतो रं मी."

निवासनं साडूला फोन लावला. साडू झोपलेला.
साडेसहाला पेपर आला.
मोठ्या तालमीचा चार कॉलमी फोटो,
गडहिंग्लजची एक ओळ, 'अन्य सामने'मध्ये,
आकडा नेमका घडीवर, शाई पसरलेली.
यासीननं तो उजेडाकडं धरला.
एक दिसतो, म्हणाला. किंवा सात.

म्हशी सुटल्या. सुलक्षणानं ग्लास मोजून घेतले,
एक कमी भरला म्हणून निवासकडं बघितलं.
तेवढ्यात रस्त्यावरून सायकल गेली,
सातच्या पाळीची घाई,
हँडलला नाडीनं बांधलेले बूट.

सिग्नल लाल होता. तो थांबला,
एक पाय खाली टेकवून.
आमच्यापासून दहा पावलांवर.
दौलूमामानं बुटाकडं बघितलं.
बाकीच्यांनी म्हशींकडं.
निवासनं हात वर केला, त्यानंही केला.
कुणी काही विचारलं नाही.