एच, हेच

आमच्या गावात धर्म कोणी विचारत नाही.
शाळा कोणती, एवढंच विचारतात,
आणि उत्तर ऐकून ठरवतात
पुढचं वाक्य किती मोकळं बोलायचं.

मी गणवेश शिवते. ड्रमकीलीच्या चढावर,
खाटकाचं दुकान आणि बंद पडलेली बँक यांच्या मध्ये.
एकतीस ऑगस्ट महिने इथे उभ्यानं काढले.
डावं कपाट हिरवं : सेंट फिंटन.
उजवं मरून : ड्रमकीली प्रायमरी,
जिच्या नावात कुणी संत नाही,
पण प्रार्थनेला येणारा पाद्री ठरलेला.
करड्या पँटी मात्र दोघांना एकाच गठ्ठ्यातून.
हे मी गिऱ्हाइकांना सहसा सांगत नाही.

दोन्हींचं बिल सरकार भरतं.
दोन मुख्याध्यापक, दोन बॉयलर,
आणि एकाच अरुंद रस्त्यावरून सकाळी
एकामागे एक दोन बसगाड्या,
निम्म्या रिकाम्या.

परवा ह्यू मॅकअलीनन आला, वय सहा,
पुढचे दोन दात पडलेले.
कॉलरच्या आत कोणतं अक्षर काढू रे?
"हेच," म्हणाला.
त्याची बाही मापत होते तोवर
दारातून हेझल ग्रेसी, तिचेही दात पडलेले.
आणि तुझं गं?
"एच."
दोघांनी एकमेकांच्या फटी निरखल्या,
जिभा घालून दाखवल्या.
दोघांच्या आया मोज्यांच्या किमती वाचत राहिल्या.

मी सुईतला दोरा बदलला नाही.
अक्षर हेच. अक्षर एच.
फरक फक्त एका श्वासाचा.
त्या श्वासासाठी माझ्या भावाला, मी नववीत असताना,
पुलावर अंधारात अडवून
मुळाक्षरं म्हणायला लावली होती.
सातवं म्हणून झालं आणि त्याला खोकला आला,
असा आला, असा आला,
की ते कंटाळून म्हणाले, जा.
आजही तो आठव्या अक्षरापाशी
घसा खाकरतो. बायकोला वाटतं, सिगारेट.

मंगळवारी ग्रंथालयात सभा होती :
दोन शाळांची एक करावी का.
मालाकी डोनेली उभे राहिले, हात थरथरत होते.
"सरकारनं हात आखडला होता तेव्हा
माझ्या आजोबांनी गाय विकून ती भिंत बांधली.
ती भिंत तुम्हाला भिंत दिसते.
आम्हाला छप्पर होतं ते."
कुणीच हललं नाही. खरंच होतं.
मग एडिथ मॉन्टिथ : "करा की एक,
फक्त नाव आमचंच राहू द्या."
मग मागून एक तरुण आई, मला अनोळखी :
"माझा मुलगा अकराचा झाला.
नाल्यापलीकडच्या एकाही पोराचं नाव
त्याला ठाऊक नाही.
शिव्या ठाऊक आहेत."

मला विचारलं. दुकानदार म्हणून.
मी म्हटलं, हिरवं आणि मरून कालवलं
तर चिखलाचा रंग होतो.
सगळे हसले. दोन्ही बाजू, एकदम,
आयुष्यात पहिल्यांदा एकत्र हसलेल्या पाहिल्या
आणि त्या माझ्या या वाक्यावर.
घरी येईपर्यंत ते हसू
अस्तरात राहून गेलेल्या टाचणीसारखं
चालताना बोचत होतं.
खोटं कशाला बोलू,
दोन कपाटांवर माझं घर चाललं.
मुलीचं शिक्षण झालं, ग्लासगोला,
तिथे तिला कुणी शाळा विचारत नाही
म्हणून ती परत येत नाही.

मतदान नोव्हेंबरात.
कापडाची मागणी मात्र शुक्रवारपर्यंत कळवायची :
हिरवं किती मीटर, मरून किती.
करडं लिहून टाकलं, तीनशे चाळीस.
पुढच्या रकान्यात पेन टेकवून बसले आहे.
शाईचा ठिपका पसरतोय.
खाली बस थांबल्याचा आवाज आला,
मग दुसरी.