बिनगाठीचं

देवनारच्या आमच्या प्रयोगशाळेत
काचेच्या बशीत, चोवीस अंशांवर,
पाइनचं एक जंगल आहे.
नखाएवढं. पांढरट. भिजल्या साबुदाण्यासारखं.
मी श्वास आडवा वळवून त्याच्यावर ओणवी होते
आणि बघते कुठली पेशी ऐकते, कुठली नाही.
जिने ऐकलं तिच्यात आम्ही दोन ओळी घातल्यात:
एक भराभर वाढण्याची,
एक शंकू न धरण्याची,
म्हणजे पराग उडणार नाही,
शेजारच्या डोंगराला पत्ता लागणार नाही.

लावणार ते दूर दक्षिणेतल्या कुठल्याशा बेटावर.
ओंडके मात्र उतरतील इथेच, रे रोडला,
जिथे दादांनी एकतीस वर्षं करवत चालवली.
डाव्या हाताची दोन बोटं तिथल्याच भुशात राहिली.
आंघोळ झाली तरी अंगाचा राळेचा वास जायचा नाही.
आई म्हणायची, सवत तरी वासाची बरी मिळाली.

रविवारी फोनवर त्यांना फोटो दाखवला.
"दादा, अर्ध्या वर्षांत तोडायला येईल हे.
सरळसोट. फांद्या नावाला. गाठ जवळजवळ नाहीच."
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"गाठ नाही?"
"नाही."
"मग करवतीला कळणार कसं?"
"काय?"
"की झाडातून चाललोय."

उरलेल्या तीन बोटांनी ते
खोक्याच्या फळ्यांचं आमचं टेबल चाचपत राहिले,
एका तपकिरी डोळ्यापाशी थांबले.
इथे फांदी होती. सावलीकडची असणार, बारीक आहे.
उन्हासाठी भांडली चार वर्षं, मग मेली.
झाडाने टाकली नाही तिला,
गुंडाळून घेतली आत.

मग म्हणाले, "बोटं गेली ती गाठीपायीच.
पातं उसळलं.
चांगलंच करताय तुम्ही."
मी त्यात टोमणा शोधला.
नव्हता.

सोमवारी एकशे बारा नंबरच्या बशीत
एका कोंबाने नको तिथून, बाजूने,
हिरवं टोक काढलं होतं.
वहीत त्यासाठी रकाना आहे, दोष नावाचा.
मी बराच वेळ पेन टेकवून बसले.
खिडकीबाहेर डम्पिंगचा धूर
घारींसकट वर चढत होता.

बरोबरची खूण केली.
बशी वाफेच्या भांड्यात गेली, झाकण बसलं.

हातमोजे उतरवताना
उगाच बोटं मोजली.
दहा.