जुनं काही लागलेलं

रामदासपेठेतला डॉक्टर विचारतो,
"मावशी, गुडघ्याला पूर्वी कधी लागलं होतं?"
कागदावर जागा एकाच ओळीची.
पोरगा तरुण, घाईत,
बाहेर अजून चौदा नंबर बसलेले.

कुठून सांगू, बाप्पा.

महालात बकारामची सायकल, तासाला चार आणे.
नळीखालून पाय घालून कैची मारायची,
एका पायडलला रबर नाही, नुसता दांडा.
ब्रेक होता, पण बकाराम म्हणे
तो वापरायचा नाही, निघून येतो.
गांधीसागरच्या कठड्यानं थांबवलं मला.
इथे, वाटीच्या डावीकडे,
हा पांढरा तुकडा दिसतो ना, तो कठडा.

मग बाबांची राजदूत.
दुपारी ते झोपले की मी नुसती किक मारायची,
चालवायची हिंमत नव्हती.
एकदा तिनं उलटी मारली.
नडगी निळी, मी भिंतीला धरून,
बाबा दारात बनियनवर.
रागावले नाहीत. आयोडेक्सची बाटली उघडत म्हणाले,
"अर्धी किक नसते मारायची.
मारली तर पुरी मार."

टेलिफोन खात्यात लागले, तिसऱ्या पगारात हप्त्याची लूना.
शंकरनगर चौकात नव्या नारायणपेठीचा पदर
मागच्या चाकात गेला, आणि मी
बसल्या बसल्या मागे ओढली जात राहिले,
जसं कोणी हाक मारतंय.
पानठेल्यावाल्यानं अडकित्त्यानं पदर कापला,
अर्धवट सुपारी अजून त्याच्या पात्यात.
पैसे घेईना, म्हणे, "बाई, पिना लावत जा ना."

कॉटन मार्केटजवळ संत्र्यांच्या चिखलावर घसरले
त्याला पडणं म्हणत नाही मी.
टोपली माझ्याच धक्क्यानं उलटली होती.
म्हातारीनं आधी संत्री वेचली, सगळी,
गाडीखालची काढायला मलाच सांगितली,
मग एक फुटकं माझ्या हातात देऊन
"खाय, चक्कर येईन."

आणि जे लागलंच नाही
ते कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही?

जानेवारी, शहाऐंशी. रात्रपाळी सुटलेली,
मागे कुमुद मेश्राम, तिला इंदोऱ्याला सोडायचं.
कामठी रोडवर धुकं असं की
लूनाचा दिवा म्हणजे दुधात बुडालेली बत्ती.
दोघी हसत होतो कशावर तरी,
रायपूरच्या ट्रंक कॉलवर रडणारा कोणी शेटजी...
आणि समोर सळया.
उभा ट्रक, ना दिवा, ना लाल फडकं,
सळयांची टोकं बाहेर, माझ्या टिकलीपासून चार बोटं.
ब्रेक मी दाबला होता की लूनाच बंद पडली
हे मला आजही सांगता येणार नाही.

कुमुद उतरली. बोलली नाही.
गळ्यातला मफलर सोडला, आईनं विणलेला, लाल,
आणि सगळ्यात लांब सळईच्या टोकाला
दोन गाठी मारून बांधला.
मग म्हणाली, "चाल, चहा घेऊ."
टपरीवर बशी इतकी वाजत होती
की चहावाल्यानं ग्लासात ओतून दिला.
घरी तिनं सांगितलं, बसमध्ये राहिला.

ती आता पुण्याला, मुलीकडे.
रविवारी फोन असतो. शुगर, जावई, पाणी येतं का.
मफलरचं दोघी काढत नाही.

डॉक्टर लिहितो. वाचते मी उलट्या अक्षरांतून:
पडल्याचा इतिहास, आहे.
"गाडी चालवणं आता बंद हं, मावशी.
खाली कोणी आलंय ना न्यायला?"

"आलंय ना," म्हणते मी.

खाली कडुनिंबाची सावली सरकून गेलेली,
सेहेचाळीस डिग्रीत सीट तापून तवा झाली असेल,
म्हणून येतानाच ओला नॅपकिन घालून ठेवला होता.
वाळला असेल एव्हाना.
पर्समध्ये हात घालून मी
चष्म्याखाली, गोळ्यांच्या पट्टीखाली
किल्ली चाचपते.