रजेचं कारण

माझा वाढदिवस एक जून,
वर्गातल्या निम्म्या पोरींचा तोच.
गुरुजींनी हजेरीपटावर
एका दमात सगळ्यांना जन्माला घातलं होतं.

माय सांगायची,
येळवशीच्या दुसऱ्या दिवशी झालीस,
बिंदग्यात आंबील उरली होती,
गारठलेली,
तीच प्यायले मी.

एकवीस वर्षं औसा आगारात तिकिटं फाडली.
यंदा अर्ज केला : एक दिवस रजा.
कारण : जन्म.
साहेबांनी चष्मा काढला.
"कुणाच्या घरी?"
"माझ्याच."

सकाळी निलंगा गाडीत खिडकी धरली.
ड्युटीवर शमीम.
"कुठं?"
"शेवटपर्यंत."
तिनं अर्धं तिकीट काढलं,
पैसे मोजून घेतले, सुट्टे मागितले.
मग पिशवीतून माझाच डबा काढून
मांडीवर ठेवला.
काल कोपीवर मी त्यात भज्जी न् उंडे भरून दिले होते.
हाताला गरम लागला.
"रिकामा डबा कुणी परत करतं का गं?"
आत गुळाचा भात, वर लवंगा.

दोन बेल झाल्या.
हात आपसूक दोरीकडे गेला,
अर्ध्यात थांबला.

बाहेर हुरड्यात आलेली ज्वारी,
हरभऱ्यावर दहिवर.
एक लवंग दाढेखाली धरून
डोळे मिटले,
लामजना आलं कधी, गेलं कधी.

निलंग्यात शमीमनं खांदा हलवला,
"उतरायचं नाही?"
"नाही. परतीचं फाड."
ती हसली.
"ह्याचे पैसे माझे.
तुझा एक जून मी कधी धरलाच नव्हता."