उलटं पिकणं

सहावं रीडिंग घेताना तो म्हणाला,
"हाई तं मना गतच करी राह्यनं."
मी स्क्रीनवरून मान वळवली नाही.
दहा रीडिंगं नीट यावी लागतात, मधला आकडा धरायचा,
आणि एसी बंद, मे महिना, जळगाव.

हिलाल सुपडू कोळी, तालुका चोपडा, वय एकावन्न.
तीन तास उपाशी, उजवा हात डोक्याखाली.
बरगड्यांच्या फटीत जेली, जेलीवर प्रोब,
टक् करून तो आत एक टिचकी मारतो.
लाट जितकी जोरात पळेल
तितकं यकृत कठीण.
यंत्राची किंमत मोठी, तत्त्व एवढंच.

पंचवीस वर्षं हा माणूस केळीच्या चेंबरात आहे.
गारठा, अंधार, क्रेटवर क्रेट,
आणि फणीफणीवर त्याचा अंगठा.
किती दाबलं की किती परत येतं, त्यावरून सांगतो
माल दिल्ली गाठेल
की भुसावळातच उतरवावा लागेल.

फॉर्मात रकाना: मद्यपान.
नाही, म्हणाला.
हा प्रश्न आम्ही तीनदा विचारतो, तीन तऱ्हांनी, आवाज न बदलता.
तिसऱ्या वेळी त्याची बायको कासाबाई स्टुलावरून उठली.
"गावबी हाईच इचारस.
पोरले देखाले उनात, परत ग्यात."
मी "नाही"वर खूण केली.
आमचा अभ्यासच न पिणाऱ्यांचा आहे, बाई,
तीनशे हवेत, हे एकशे चौऱ्याऐंशीवे,
हे सांगून तिला काय मिळणार होतं?

मग कागदाच्या मागे मी चांदण्या काढल्या.
यकृतात अशा पेशी असतात,
प्रत्येकीच्या ओच्यात तेलाचा एक थेंब,
जीवनसत्त्वाचा. सांभाळत बसतात गप्प.
साखर, चरबी, काविळीचा विषाणू, दारू,
कुणीही रोज उठून कुरबुर केली
की त्या थेंब टाकून देतात आणि दोरा हातात घेतात.
वाईट हेतू नसतो. भोक दिसलं, रफू केलं.
रफूवर रफू, त्यावर रफू,
शेवटी लुगडं उरत नाही, नुसता दोराच.

तेरा पूर्णांक आठ.

"नरम व्हई का?"
त्याला ठाऊक होतं, फळ माघारी कच्चं होत नाही.
म्हणून मला सांगायला अवघड गेलं
की इथे कधीकधी होतं. सगळ्यांचं नाही.
वजन दहा टक्के उतरवा, साखर धरून ठेवा, चाला.
औषधं निघाली आहेत नवी,
आपल्या खिडकीपर्यंत अजून आलेली नाहीत.
तो पोट हलवून हसला,
"म्हंजे उलटं पिकनं."

वर्षानं आला. पॅन्टला नाडी.
पाटचारीच्या कडेनं रोज पाऊण तास,
शेवभाजीची तर्री फक्त मंगळवारी,
हे त्यानं आधीच कबूल केलं, मी विचारलंही नव्हतं.
दहा पूर्णांक एक.
कासाबाईनं आकडा मोठ्यानं म्हणून घेतला,
गावात सांगायला.
माझे सर म्हणाले, एका ठिपक्यावर उड्या मारू नकोस,
एवढा फरक यंत्राचाही असू शकतो.
बरोबर आहे. आलेखावर तो ठिपकाच आहे,
इतर ठिपक्यांत, जरा खाली.

सही येते त्याला. तरी पुढच्या संमतीपत्रावर
अंगठाच पुढे केला.
शाईत बारीक दोरे उमटले,
मध्याभोवती वळत गेलेले.
रंगवलेल्या काचपट्टीवर मी असेच बघतो, निळे,
आणि तिथे ते मला नको असतात.

निघताना माझ्या टेबलावरचा चिकू त्यानं उचलला,
हळूच दाबला, ठेवला.
"परवा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भूक लागली होती.
तरी मी थांबलो.