तिसरा रकाना

चेंबूरला, चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
टिपणीस मॅडम. आडनावावरूनच समजायला हवं होतं
की ही बाई लिहायला लावणार.

दोनशे पानी वही. रोज रात्री तीन रकाने:
काय झालं. मनात काय आलं.
आणखी काय असू शकेल.

मी वॉर्ड ऑफिसात, जन्म-मृत्यूच्या खिडकीवर.
एकोणीस वर्षं लोकांचे रकाने भरतेय.
घरी येऊन पुन्हा रकाने?

म्हणून आठवड्याचा अभ्यास शनिवारी,
त्यांच्याच जिन्यात, पाचव्या पायरीवर बसून.
सोमवार निळ्या पेनाने, बुधवार काळ्या,
गुरुवारी मुद्दाम खाडाखोड.
फार स्वच्छ नोंदीचा संशय येतो, हे मला ऑफिसनेच शिकवलं.

आत गेलं की पोटात गोळा.
सातवीतल्या कोपरकर बाई आठवायच्या,
वहीच्या आधी चेहरा तपासणाऱ्या.
मॅडमनी लाल पेन कधी हातात धरलं नाही.
मीच ते त्यांच्या हातात ठेवलं होतं.

आठव्या शनिवारी त्यांनी वही मागितलीच नाही.
पाऊण तास संपला. "भेटू."
वही पर्समध्ये तशीच, डब्याला चिकटून.

एवढा राग कुठून आला?
खोटा अभ्यास न तपासल्याचा कसला अपमान?
रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडले.
रात्री अकराला, ओटा पुसून झाल्यावर,
पहिल्यांदा खरं लिहिलं.

काय झालं: मॅडम वही विसरल्या.
मनात काय आलं: मी लक्षात ठेवण्यासारखी नाहीच.
इथे पेन थांबलं.
हे वाक्य मॅडमच्या फार आधी जन्मलेलं,
नोंद तेवढी उशिरा झाली.
तिसरा रकाना कोरा.

पुढच्या शनिवारी वही पुढे सरकवली
आणि समोरच्या गच्चीवरच्या कुरडया मोजत बसले.
त्यांनी वाचलं. परत वाचलं.
टोक बोथट झालेली पेन्सिल घेऊन
तिसऱ्या रकान्यात लिहिलं:
"त्या दिवशी माझंच लक्ष नव्हतं. चुकले."

काय वाईट अक्षर! कोपरकर बाईंनी
शंभरदा गिरवायला लावलं असतं.
पण बाई आता खोलीत नव्हत्या,
चपला घालून कधीच निघून गेलेल्या.

हल्ली मी जिन्यात लिहीत नाही.
म्हणजे, लिहिते कधीकधी.
पण वर जाऊन सांगते,
हा आठवडा पाचव्या पायरीवरचा.