शनिवारी जेवायला

तेओनाचा फोन आला बुधवारी.
आई, आम्ही शनिवारी येतो, दुपारचं.
‘आम्ही’पाशी जराशी अडखळली,
मग म्हणाली, त्याला मांस वर्ज्य आहे,
हृदयाचं काहीतरी झालं होतं मागे,
तुम्ही उगाच घाट घालू नका.

घाट कसला.
शुक्रवारी रात्री लाल घेवडा भिजत टाकला,
दोन ओंजळी, वर एक मूठ.
ती मूठ कुणासाठी, ते हाताला ठाऊक.

माझा माल्खाझ पोलंडात ट्रक चालवतो.
महिन्यातून एकदा फोन करतो, तिकडचं हवामान सांगतो.
यानं तिला सोडलं की तिनं याला,
मी विचारलं नाही.
शेजारची गुलनारा विचारते.
ती विचारू लागली की मी कोंबड्यांना दाणे टाकायला उठते.
फार गुबगुबीत झाल्यात कोंबड्या.

सकाळी इमेरेतीच्या टेकड्यांवरून धुकं हलायच्या आत
बीटाची पानं उकडली,
फडक्यात घालून पिळली, जांभळं पाणी थांबेपर्यंत.
अक्रोड यंदाचे, साल अजून ओलसर.
लसणीसोबत वाटले, तेल सुटेस्तोवर.
कोथिंबीर, थोडं व्हिनेगर,
झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांची चिमूट.
लोणी नाही, काही नाही.
अक्रोडाला कुणाची मदत लागत नाही.

फ्खालीचे गोळे वळले,
प्रत्येकावर अंगठ्याचा खळगा,
खळग्यात डाळिंबाचे चार दाणे.
वळता वळता ठरवून टाकलं:
मी त्याच्याशी गोड बोलणार नाही.
जेवू घालीन. जेवू घालणं वेगळं.

लोबिओ मातीच्या मडक्यात, मंद विस्तवावर.
मडक्याचं झाकण तेओनानंच फोडलेलं, लग्नाच्या वर्षी;
तेव्हापासून वर बशी ठेवते.
मक्याच्या भाकऱ्या दगडी तव्यावर,
बोटांचे ठसे तसेच राहू दिले.

आले.
दाची आधी पळत आला, माझ्या पोटावर आदळला.
मग ती. मग तो, झविआद,
टक्कल पडू लागलेला, हातात पर्सिमनची पिशवी.
माझ्याच अंगणात पर्सिमनचं झाड वाकलंय फळांनी.
त्यानं ते पाहिलं आणि पिशवी पाठीमागे नेली.
मी ती घेतली.

तेओना न विचारता कपाटाशी गेली,
चमचे अजून तिथेच होते.

तो कसा जेवला सांगते.
भाकरी मोडली, सुरीनं कापली नाही.
लोबिओत बुडवली, डोळे मिटले,
मग म्हणाला, यात पुदिना आहे का?
होता. चार पानं.
माल्खाझला पंचवीस वर्षांत कधी कळला नाही.
हे लक्षात आलं आणि मलाच माझा राग आला.

वाइन त्यानं अर्धाच पेला घेतली.
घरात कर्ता पुरुष नाही, पहिला शब्द कोण बोलणार,
सगळे ताटाकडे पाहत.
मग तोच उभा राहिला.
जे आज या टेबलापाशी नाहीत, त्यांच्यासाठी.
नाव घेतलं नाही.
दाचीनं सरबताचा पेला उचलला.
तेओना खिडकीबाहेर पाहत होती.
मी प्यायले.

जेवणानंतर मी नको नको म्हणताना
त्यानं भांडी घासली.
बाह्या वर करून, जीव लावून,
मडकंसुद्धा.
साबणानं.

मातीला साबण चालत नाही.
माती पिते सगळं.
तेओनाला माहीत होतं. तिचा श्वास अडकला,
माझ्याकडे पाहिलं तिनं.
मी म्हटलं, किती लख्ख घासलंस रे.

ते गेल्यावर तीन वेळा पाणी उकळलं मडक्यात,
एकदा राख घालून.
गुलनारानं कुंपणावरून विचारलं, काय शिजतंय?
पाणी, म्हटलं.

आज सोमवार.
उरलेल्या मुठीचं लोबिओ केलं.
साबणाचा किंचित वास येतोय,
पुदिन्याच्या मागे कुठेतरी.
खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.